समोरच्या खिडकीतली माणसं

न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधलं एक अंगण. चहूबाजूंनी इमारतींच्या मागच्या भिंती, उन्हाळ्याची तलखी, आणि वाऱ्यासाठी उघड्या टाकलेल्या खिडक्या. पाय मोडल्यामुळे चाकाच्या खुर्चीत अडकलेला एक छायाचित्रकार त्या खिडक्यांतून शेजाऱ्यांकडे बघत बसतो, आणि एका रात्रीनंतर त्याच्या मनात येतं, की समोरच्या घरातल्या माणसाने आपल्या बायकोचा खून केला असावा. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ १९५४ साली आला. कॉर्नेल वुलरिचच्या १९४२च्या एका कथेवर जॉन मायकेल हेजने त्याची पटकथा लिहिली. जेम्स स्ट्युअर्टने छायाचित्रकार जेफ साकारला आणि ग्रेस केलीने त्याची प्रेयसी लिसा.

या चित्रपटाबद्दल बोलताना बहुतेक वेळा रहस्याची चर्चा होते. माझी मावशी हौशी रंगभूमीवर नाटकं बसवते आणि मी चित्रपटांवर लिहितो. आम्हा दोघांचाही हा जिवाभावाचा चित्रपट, पण आमचा वाद होतो तो त्यातल्या पात्रांवरून. खिडक्यांत दिसणारे हे शेजारी खरीखुरी माणसं आहेत, की माणसांचे ठरावीक नमुने? तो वाद इथे जसा झाला तसा मांडतो.

मी : मावशी, माझी तक्रार आधी ऐक. त्या अंगणात कोण कोण राहतं बघ. नाचाचा सराव करणारी तरुणी. एकटी राहणारी प्रौढ स्त्री. चाल सुचत नाही म्हणून चिडलेला संगीतकार. पडदा ओढून घेतलेलं नवं जोडपं. कुत्र्यावर जीव लावलेलं मूलबाळ नसलेलं जोडपं. कानाला यंत्र लावून शिल्पं घडवणारी बाई. आणि आजारी बायकोच्या कटकटीने पिचलेला, नकली दागिने विकणारा फिरता विक्रेता. प्रत्येकाला एकेक खूण दिली आहे, तेवढ्यावर त्याची ओळख संपते. इतका मोठा दिग्दर्शक, आणि माणसांची अशी वर्गवारी?

मावशी : वर्गवारी हिचकॉकची नाही रे, जेफची आहे. नाचणाऱ्या मुलीला ‘मिस टॉर्सो’ कोण म्हणतं? म्हणजे नुसतं धड! एकट्या बाईला ‘मिस लोनलीहार्ट्स’ हे नाव कोणी ठेवलं? जेफने. त्याला त्यांची खरी नावं ठाऊक नाहीत आणि विचारावीशीही वाटत नाहीत. पटकथेने ही नावं त्याच्या तोंडी घातली आहेत, म्हणजे ती त्याच्या स्वभावाबद्दल सांगतात.

मी : पण बघणारा तोच आहे ना? त्याची नावं आपण उचलतो. चित्रपट संपल्यावरही लोक त्या दोघींना त्याच नावांनी ओळखतात.

मावशी : आता सुरुवातीला जेफची खोली कशी दाखवली आहे ते आठव. एक शब्दही न बोलता कॅमेरा त्याचा सगळा इतिहास सांगतो. प्लास्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, शर्यतीच्या गाडीला झालेल्या अपघाताचा फोटो. त्या फोटोसाठी तो शर्यतीच्या मार्गात मधोमध उभा राहिला म्हणून पाय मोडला. मग एका स्त्रीच्या चेहऱ्याची चौकटीत लावलेली निगेटिव्ह, आणि शेजारी तोच चेहरा मासिकाच्या मुखपृष्ठावर. लांबून बघायचं, क्षणात ओळखायचं, टिपायचं आणि पुढच्या गावाला जायचं, हा त्याचा पेशा आहे. असा माणूस शेजाऱ्यांना नावं ठेवणारच. नमुना पाडणं ही त्याची व्यावसायिक सवय आहे, आणि चित्रपट तीच सवय तपासायला घेतो.

मी : तपासतो कुठे? कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ त्याच्याच खोलीत आहे. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत स्वतःच पुदोवकिन आणि कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकांचा दाखला दिला आहे. माणसाचा चेहरा, तो बघतो ती गोष्ट, पुन्हा चेहरा. त्या जोडणीतून प्रेक्षक भावना तयार करतो. म्हणजे आपण काय वाटून घ्यायचं हेही जेफच्या चेहऱ्यावरूनच ठरतं.

मावशी : ‘जवळजवळ’ म्हणालास ना, त्यातच मेख आहे. पहाटे जेफला झोप लागलेली असते तेव्हा तो दागिने विकणारा, थॉरवाल्ड, काळ्या कपड्यांतल्या एका बाईबरोबर घराबाहेर पडतो. जेफला ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. तिथून पुढे आपण त्याच्या शेजारी बसलेले वेगळे प्रेक्षक होतो. तो ठामपणे बोलतो तेव्हा आपल्याला थोडी शंका असते. हिचकॉकला आपल्याला जेफच्या डोळ्यांत कोंडायचंच असतं, तर तो प्रसंग त्याने ठेवला नसता.

मी : ते कथेपुरतं झालं. पण बायकांचं काय? चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीने १९७५च्या तिच्या गाजलेल्या निबंधात याच चित्रपटाचा दाखला दिला आहे. बघणारा पुरुष, बघितली जाणारी स्त्री. मिस टॉर्सो हे तर त्याचं उघड उदाहरण. संपूर्ण चित्रपटात ती बहुतेक वेळ तोकड्या कपड्यांत नाचते, वाकते, वळते. तिला बोलू किती दिलं आहे?

मावशी : तिला जवळजवळ बोलूच दिलेलं नाही, हे खरं. पण तिच्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐक. एके संध्याकाळी तिच्या घरी तीन पुरुष जमतात. जेफला वाटतं, ही राणीमाशीसारखी नर माश्यांना झुलवते आहे. लिसा तेच दृश्य बघते आणि म्हणते, ही बाई लांडग्यांना हाताळायचं अवघड काम करते आहे, आणि यांतल्या एकावरही तिचं प्रेम नाही. जेफ विचारतो, तुला कसं कळलं? तेव्हा लिसा त्याला आठवण करून देते, की ते घर तिच्या घरासारखं आहे असं तोच म्हणाला होता. खिडकी एक, दृश्य एक. एकाला नमुना दिसतो, दुसरीला परिस्थिती दिसते. आणि शेवटी लिसाचंच खरं ठरतं. सैन्यातून तिचा माणूस घरी येतो. बुटका, साधा, चष्मा लावलेला. आल्या आल्या तो फ्रिजकडे वळतो. तिला मोठा आनंद होतो.

मी : हे मान्य. पण मग याचा अर्थ नमुना मोडायला लिसा लागते.

मावशी : अगदी. आणि लिसा वुलरिचच्या कथेत नाहीच! तिथे जखमी माणसाच्या सोबतीला त्याचा नोकर आहे, प्रेयसी नाही. लिसा आणि जेफची परिचारिका स्टेला दोघीही चित्रपटासाठी घडवलेल्या. माझं म्हणणं इथेच आहे. आपण खिडकीपलीकडच्या नमुन्यांवर भांडतो, पण हिचकॉकने खरी मेहनत घेतली आहे ती खिडकीच्या अलीकडच्या माणसांवर. बघणाऱ्यांचे चार प्रकार त्याने समोरासमोर बसवले आहेत.

मी : चार कोण?

मावशी : जेफ, जो लांबून बघतो आणि भिंग वाढवत जातो. आधी नुसते डोळे, मग दुर्बीण, मग कॅमेऱ्याची लांब लेन्स. स्टेला, विमा कंपनीने पाठवलेली परिचारिका. थेल्मा रिटरने ती काय साकारली आहे! ती सुरुवातीलाच त्याला फटकारते, की लोकांनी आधी आपल्याच घरात बाहेरून डोकावून बघावं. पण पुढे उत्सुकतेने तीही दुर्बीण मागते, आणि प्रेताची विल्हेवाट कशी लावली असेल यावर तो नाश्ता करत असताना खुशाल बोलते. मग लिसा, जी बघून अर्थ लावते आणि उठून तिकडे जाते. आणि चौथा डॉयल, जेफचा युद्धातला मित्र, पोलीस अधिकारी. तो पुरावा मागतो. थॉरवाल्डची बायको रेल्वेने गेल्याचे साक्षीदार आहेत, तिच्या नावे पाठवलेली ट्रंक कोणी घेतली याचा माग आहे, तेव्हा प्रकरण संपलं, असं त्याचं म्हणणं. कोणाच्याही घरात असं काही चालतं, जे बाहेरून समजत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

मी : आणि डॉयलच चुकतो! तिथेच तर मला चित्रपटाच्या नीतीची शंका येते. मर्यादा पाळणारा माणूस चुकीचा ठरतो, चोरून बघणारा बरोबर ठरतो. थॉरवाल्ड खुनी निघाला, म्हणजे जेफचं डोकावणं न्याय्य ठरलं. तो निर्दोष निघाला असता तर?

मावशी : तो प्रश्न चित्रपटातच विचारलेला आहे. डॉयल निर्वाळा देऊन निघून जातो, तेव्हा जेफ आणि लिसाचे चेहरे पडतात. बाई जिवंत आहे असं कळलं आणि यांना वाईट वाटतंय! लिसा ते ओळखते आणि बोलूनही दाखवते, की आपण किती भयंकर माणसं झालो आहोत. दुर्बिणीने माणूस बघणं योग्य आहे का, त्याने गुन्हा केलाच नसेल तरी योग्य आहे का, हे जेफही स्वतःला विचारतो. उत्तर मिळत नाही. पडदा खाली येतो आणि थोड्याच वेळात बाहेर किंकाळी ऐकू येते.

मी : कुत्रा मेल्याची.

मावशी : हो. त्या प्रसंगात कॅमेरा जेफची खोली सोडून अंगणात उतरतो. सगळे शेजारी जवळून दिसतात. कुत्र्याची मालकीण गॅलरीतून सगळ्यांना सुनावते, की शेजारी म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच नाही, शेजाऱ्यांनी एकमेकांची काळजी घ्यायची असते, कोणी जगतं की मरतं हे तरी बघायचं असतं. एका नमुन्याने उरलेल्या सगळ्या नमुन्यांना जाब विचारला. आणि एकच खिडकी अंधारी राहते, तिथे फक्त सिगारेटचा निखारा पेटतो. थॉरवाल्ड.

मी : मावशी, त्याच प्रसंगावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. कुत्र्यासाठी एक बाई आक्रोश करते. थॉरवाल्डच्या बायकोसाठी कोण रडतं? कोणीच नाही. तिचं नाव ॲना, हे सुद्धा आपल्याला तपासातल्या कागदावरून कळतं. जिवंत असताना ती काय आहे? अंथरुणावर पडलेली, नवऱ्याने ताटात ठेवलेलं फूल बाजूला टाकणारी, त्याला टोमणे मारणारी कटकटी बायको. मेल्यावर काय आहे? एक हातपिशवी, एक दागिन्यांचा गठ्ठा, एक लग्नाची अंगठी. बायका हातपिशवी मागे ठेवून प्रवासाला जात नाहीत, हे लिसा ओळखते. पण ते हातपिशवीबद्दलचं शहाणपण झालं. ॲनाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. शेवटी टोपीच्या खोक्यात काय आहे ते बघायचंय का, असं स्टेलाला विचारतात, तेव्हा तिच्या उत्तरावर प्रेक्षक हसतात. ज्या बाईसाठी हे सगळं झालं ती शेवटी विनोदाचा विषय होते.

मावशी : याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. तू म्हणतोस ते खरं आहे. हिचकॉकने त्रुफोला सांगितलं होतं, की यात त्याने ब्रिटनमधल्या दोन खऱ्या खटल्यांचा आधार घेतला, १९१०चं क्रिपेन प्रकरण आणि १९२४चं पॅट्रिक महॉनचं. क्रिपेनने बायको अमेरिकेला गेली असं सांगितलं, आणि तिचे दागिने त्याच्या सचिव स्त्रीच्या अंगावर दिसले तेव्हा लोकांना संशय आला. खऱ्या खटल्यांतही मारल्या गेलेल्या बाईची ओळख पुराव्यापुरती उरते. हिचकॉकने ते तसंच उचललं.

मी : तू एरवी एवढ्यावर सोडत नाहीस.

मावशी : सोडत नाहीच. नमुना आणि माणूस यांतलं अंतर कसं मिटतं, हे चित्रपट एका ठिकाणी दाखवतो, ते तुला सांगते. लिसा चढून थॉरवाल्डच्या घरात शिरते. तो परत येताना दिसला की त्याच्या घरचा फोन वाजवायचा, असं ठरलेलं आहे. आणि नेमकं तेव्हाच स्टेला आणि जेफचं लक्ष खालच्या मजल्यावर जातं. मिस लोनलीहार्ट्सने झोपेच्या गोळ्या काढून ठेवल्या आहेत. दोघं थॉरवाल्डला विसरतात. जेफ पोलिसांना फोन लावतो. ते कोणासाठी? त्या बाईसाठी. इतके दिवस जिच्या काल्पनिक पाहुण्याकडे तो खिडकीतून बघत होता, तिच्यासाठी. एवढ्यात वरच्या घरातून संगीतकाराची पूर्ण झालेली चाल ऐकू येते, ती बाई थांबते. आणि इकडे थॉरवाल्ड परत आलेला असतो.

मी : आणि तोच फोन लिसाच्या कामी येतो.

मावशी : तोच! एका शेजारणीसाठी लावलेला फोन दुसऱ्या बाईचा जीव वाचवतो. त्या काळजीमुळेच लिसा संकटात सापडते आणि त्या काळजीमुळेच वाचते. हिचकॉकसारखा काटेकोर माणूस हे चुकून करेल का? सबंध चित्रपटात जेफने निव्वळ शेजाऱ्यासाठी केलेली पहिली कृती म्हणजे तो फोन. त्या क्षणी मिस लोनलीहार्ट्स हा नमुना उरत नाही, एक जीव होते.

मी : आणि थॉरवाल्ड? तो तर शेवटपर्यंत खुनी या एका शब्दात बसतो.

मावशी : नीट बघ. लिसा पाठीमागे हात नेऊन बोटात घातलेली ॲनाची अंगठी जेफला दाखवते. थॉरवाल्ड ते बघतो, आणि मान वर करून सरळ जेफकडे पाहतो. म्हणजे आपल्याकडे. नंतर तो जेफच्या अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा राहतो, तेव्हा प्रथमच त्याचा आवाज जवळून ऐकू येतो. तुला माझ्याकडून काय हवंय, पैसे हवेत का, असं तो जवळजवळ विनवणीने विचारतो. थॉरवाल्ड साकारणाऱ्या रेमंड बरचा तो थकलेला, गोंधळलेला सूर ऐकताना खुन्याची कीव येते. जेफकडे उत्तर नाही. काय सांगणार? मला बघायचं होतं, एवढंच. मग तो फ्लॅशचे बल्ब उडवत राहतो. ज्या उजेडाने आयुष्यभर माणसं टिपली त्याच उजेडाने तो समोरच्या माणसाला आंधळं करतो. खुनी हा खुनीच राहतो, पण त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क दिलेला आहे.

मी : तू नाटकवाली म्हणून तुला नमुन्यांचं कौतुक जास्त, असं मला वाटतं.

मावशी : असेल. नटाला लांबून, संवादाविना, एका हालचालीत माणूस उभा करायला लावणं किती अवघड आहे, हे मला माहीत आहे. पॅरामाउंटच्या अठरा नंबरच्या स्टेजवर हे अख्खं अंगण उभारलं होतं. खोली पुरेना म्हणून स्टेजची जमीन काढून अंगण तळघरात उतरवलं. एकतीस घरं बांधली. हिचकॉक जेफच्या बाजूला बसायचा आणि समोरच्या नटांच्या कानात बसवलेल्या यंत्रांतून त्यांना सूचना द्यायचा. त्या नटांना जवळून दिसण्याची, बोलण्याची सोय नव्हती. त्यांनी पाठ, खांदे, चालणं, ताट मांडणं यांवर माणूस उभा केला. मिस लोनलीहार्ट्स झालेली ज्युडिथ एव्हलिन न आलेल्या पाहुण्यासाठी दार उघडते, पेला उंचावते आणि मग हातांत तोंड लपवते. त्यात नमुन्याहून पुष्कळ काही आहे. संगीतकार साकारणारा रॉस बॅगडासारियन तर खऱ्या आयुष्यातही गीतकार होता. पियानोपाशी त्याची बसण्याची ढब बघ, ती नुसत्या अभिनयातून आलेली नाही.

मी : तरीही या सगळ्या खिडक्या शेवटी जेफच्या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत, लग्न करावं की नाही? नवं जोडपं म्हणजे लग्नाची सुरुवात, थॉरवाल्ड म्हणजे लग्नाचा शेवट, एकटी बाई म्हणजे लग्न न केल्याचा परिणाम. आणि समोर आजारी बायको अंथरुणात, नवरा ताट आणतो. इकडे आजारी जेफ खुर्चीत, लिसा जेवण आणते. सगळे आरसे झाले. आरशाला स्वतःचं आयुष्य नसतं.

मावशी : आरसे आहेत, पण शेवटी ते आपापल्या दिशेला वळतात. नवी नवरी नवऱ्याशी नोकरी सोडल्यावरून भांडायला लागते. कुत्रा गेलेल्या जोडप्याकडे नवं पिल्लू येतं. मिस लोनलीहार्ट्स संगीतकाराच्या घरी बसून तिला त्या चालीने काय दिलं ते सांगते. हे सगळं घडतं तेव्हा जेफ दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीकडे पाठ करून झोपलेला आहे. त्याने बघितलं नाही तरी त्यांचं आयुष्य चालू आहे. आरसा बघणाऱ्याशिवाय काही दाखवत नाही. ही माणसं दाखवतात.

मी : आणि लिसा हिमालयावरचं पुस्तक बाजूला ठेवून फॅशनचं मासिक उघडते.

मावशी : हो. जेफने तिलाही नमुना केलं होतं ना! उंची कपडे घालणारी, आपल्या धकाधकीच्या आयुष्याला न पेलणारी मुलगी. तीच अग्निशिडी चढून खुन्याच्या घरात शिरली. तरी तिने स्वतःला बदललं नाही. तिची आवड तिची राहिली.

वाद इथे थांबला, पण माझं मत मी नोंदवून ठेवतो. मावशीची मुख्य गोष्ट मला पटली आहे. ‘रिअर विंडो’तले शेजारी जेफच्या नजरेतून नमुने म्हणून सुरू होतात, आणि कोणी त्यांच्याकडे जास्त वेळ, जास्त आपुलकीने बघतं तेव्हा ती माणसं होतात. नमुना पाडण्यात दोष नाही. अनोळखी माणसाकडे बघताना प्रत्येकाची सुरुवात तिथूनच होते. बघून झाल्यावर फोन उचलावा लागतो, जिना उतरावा लागतो, हे चित्रपट ठामपणे सांगतो, आणि म्हणून तो इतक्या वर्षांनीही जिवंत वाटतो.

पण ॲना थॉरवाल्डपुरता माझा आक्षेप कायम आहे. तिच्याकडे कोणीच पुरेसा वेळ बघितलं नाही. जेफने नाही, लिसाने नाही, स्टेलाने नाही, हिचकॉकनेही नाही. हा चित्रपट तुम्ही बघितला नसेल तर जरूर बघा, आणि बघितला असेल तर पुन्हा बघा. मात्र या वेळी सुरुवातीचा भाग बघताना नाचणाऱ्या मुलीवरून नजर काढून शेजारच्या त्या अंथरुणाकडे लावा. तिथे एक आजारी बाई आहे, आणि तिच्याकडे लक्ष द्यायला आता फक्त प्रेक्षकच उरले आहेत.